एक घंटी ओलं, दोन घंट्या सुकं

वरची वाडी, पोलादपूरच्या वर
(पोस्टमन जिथे चपला हातात घेतो, तिथून पुढे अर्धा तास)
दिवाळी होऊन महिना झाला.

चिरंजीव प्रवीण यास,

हैबती दाजींचा डोक्यावर हात आणि पाठीवर एक थाप. (तू आता साहेब झालास हे मान्य, पण थाप कमी होणार नाही.) तेजश्रीचा गुडघा काय म्हणतो? इथून पाठवलेलं निरगुडीचं तेल ती चोळते, की बाटली कपाटात ठेवून नुसतं दर्शन घेते, ते खरं कळव. स्वराजला गोड पापा. तो आता कॉलेजात जातो हे मला ठाऊक आहे, तरीही पापा. इकडे आम्ही दोघं, म्हैस आणि नऊ कोंबड्या सुखरूप आहोत. तू म्हणशील, दाजी, फोन का नाही केला? तर वाडीवर रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी, आणि टाकीपाशी हंडा-कळशी घेऊन सगळी वाडी उभी असते. तिथे कुजबुजलेली गोष्ट मी घरी पोहोचायच्या आत उंबऱ्यावर येऊन बसते. या पत्रातली गोष्ट तर तुझ्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या बयाबाईच्या, कानी गेली तर मला जेवण मिळेल, पण वाढायला कोणी येणार नाही. म्हणून पत्र. वाचून झालं की फाड, आणि फाडलेलं जाळ.

आधी कवळीबद्दल. भाऊबीजेला बहिणीला साडी देणारे भाऊ मी पुष्कळ पाहिले, दात देणारा तूच. गणपतीनंतर तिला मुंबईला नेलंस, हलणारे-डुलणारे सगळे काढवून घेतलेस, आणि दिवाळीला नवी कोरी कवळी डबीत घालून पाठवलीस. उपकार फेडता येणारे नाहीत. फक्त मी मोजले तर अठ्ठावीसच भरले. (एकतीस वर्षं महाड आगारात कंडक्टरकी केली, मोजल्याशिवाय मला राहवत नाही.) उरलेले चार डॉक्टरनं कुठे ठेवले, ते सवडीनं विचार.

आता मुद्दा असा की बयाबाईचे दात हे केवळ बयाबाईचे दात नव्हते, ते वाडीचे दात होते. तू दासगावात वाढलास आणि मग मुंबईला गेलास, तुला हे नीट ठाऊक नसेल. आमच्या एकोणीस उंबऱ्यांत तिनं दाणा चावल्याशिवाय कोणाचं भात कणगीत जात नाही. कार्तिकात झोडणी झाली, खळ्यावर भात पसरलं, की बायामाणसं पदराच्या ओट्यात मूठभर नमुना घेऊन आमच्या अंगणात यायची. ही तो सुपात टाकून घ्यायची, उगाच जरा मान तिरकी करायची (कंबर धरली असेल), मग एक दाणा उचलून दाढेखाली धरायची आणि निकाल द्यायची. निकाल नेहमी उन्हांत, म्हणजे वाळवायच्या दिवसांत. 'एक ऊन दे.' 'दोन उन्हं दे.' किंवा 'भरा कणगीत.' याच्यावर अपील नाही. ओलं भात भरून बुरशी धरली, कणगी उघडली तर वास आला, असं गेल्या तीस वर्षांत वाडीवर कोणाकडे झालं नाही. मी एस.टी.तून घरी यायचो तेव्हा लोक मला 'बयावयनीचं मालक' म्हणायचे. मला राग यायचा नाही. थोडा यायचा.

कवळी आली आणि चौथ्या दिवशी भागोजी आला. आपला भागोजी, खालच्या आळीतला, ज्याला सगळ्याची घाई असते. जन्माला आला तोही आठव्या महिन्यात. त्यानं खरेदी केंद्रावर भात न्यायला पिकअप ठरवला होता आणि त्याला फक्त बयाबाईचा होकार हवा होता. हिनं मूठ सुपात टाकली, मान तिरकी केली, दाणा चावला. आणि चावतच राहिली. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, पदर तोंडाशी गेला. बऱ्याच वेळानं म्हणाली, "दोन उन्हं दे." भागोजी चिडला. म्हणाला, "वयनी, दात तुजं प्लास्टिकचं न् उन्हं माजी जातात!" अंगणातल्या सगळ्या बाया हसल्या. शेजारची चंद्राबाई तर अशी हसली की तिच्या ओट्यातलं भात सांडलं. तुझ्या बहिणीनं सूप भिंतीला टेकवलं, आत गेली, आणि दिवेलागणीपर्यंत बाहेर आली नाही.

प्रवीण, खरं सांगतो, मला ते बघवलं नाही. या बाईनं मला एकतीस वर्षं पहाटे चारला डबा करून दिला. घाटात गाडी बंद पडली की मी दोन-दोन दिवस घरी यायचो नाही, तेव्हा म्हैस, शेत, सासू सगळं तिनं एकटीनं ओढलं. आणि तिच्याच अंगणात तिला हसतात? पण करायचं काय, कारण खरी भीती मलाही तीच होती. मी गुपचूप तिची कवळी घालून पाहिली. (हे विशेषकरून जाळ.) सुका दाणा चावला, कट्ट वाजलं. भिजवलेला चावला, तोही कट्ट. त्या कवळीत सगळंच कट्ट वाजतं. म्हणजे बयाबाई आता अंदाजपंचे दाहोदरसे बोलणार, एखाद्याचं भात कणगीत कुजणार, आणि मग तिला विचारायला कुत्रंसुद्धा येणार नाही. तेव्हाच ठरवलं, तिची गेलेली दाढ आपण व्हायचं.

देवाची करणी बघ, मे महिन्यात महाडजवळच्या नाते गावी शेतकऱ्यांचं शिबिर झालं होतं त्याला मी हजर होतो. (कांदेपोहे होते.) तिथे समीक्षा मॅडम म्हणून शेतीखात्यातल्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी धान्यातलं पाणी मोजायची रीत फळ्यावर लिहून दिली. आधी तोला, मग भट्टीत वाळवा, मग परत तोला. वजन उतरायचं थांबलं की समजा पाणी संपलं. जेवढं घटलं त्याला पहिल्या वजनानं भागा, शंभरानं गुणा, झाली टक्केवारी. घरात साठवायचं भात तेरा-चौदावर हवं, केंद्रावर सतरापर्यंत चालतं. मला तेव्हाच पटलं. यात आहे काय? चढलेले वजा उतरलेले. हे तर मी रोज महाड ते पोलादपूर करत होतो.

काटा पाहिजे होता. हयातीचा दाखला द्यायला नोव्हेंबरात महाडला जावंच लागतं. (दरवर्षी मी जिवंत आहे असं मला स्वतः जाऊन सांगावं लागतं, आणि समोरचा माणूस मान वर न करता विश्वास ठेवतो.) तिथे बाजारात सोनाराकडे असतो तसा तळहाताएवढा सेलवाला काटा घेतला आणि बयाबाईला कळू नये म्हणून सुक्या बोंबलांच्या पिशवीत तळाशी घालून आणला. त्याचा परिणाम असा झाला की पुढे कधीही मी वजन करायला बसलो की मांजर समोर येऊन बसायचं आणि आकड्यांकडे नाही, माझ्याकडे बघायचं.

भट्टी आपल्याकडे नाही, तवा आहे. बयाबाई म्हशीकडे गेलेली बघून दहा ग्रॅम भात तोललं, तवा सणसणीत तापवला आणि भात त्यावर टाकलं. क्षणभर शांत होतं. मग एक दाणा टपकन् फुटून माझ्या चष्म्यावर आला. मग दुसरा. मग सगळेच. भाताच्या लाह्या होतात हे मी नागपंचमीला लहानपणापासून बघतोय, पण शास्त्राच्या कामात असताना ते आठवलं नाही. काही लाह्या चुलीत गेल्या, काही कोंबड्यांनी वरच्या वर झेलल्या. तव्यावर राहिल्या त्या तोलल्या, सहा ग्रॅम. म्हणजे पाणी चाळीस टक्के! एवढं पाणी तर एप्रिलात आपल्या विहिरीत नसतं. कोंबड्यांच्या पोटातलं वजन हिशेबात कसं धरायचं ते मॅडमनी सांगितलं नव्हतं.

मग ठरवलं, आच मंद हवी. चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली आहे, जिच्यावर पावसाळ्यात लाकडं आणि सुकट वाळते, ती उत्तम जागा. पण आता हे बयाबाईपासून लपणार नव्हतं. म्हणून तिला समोर बसवून सगळं समजावलं. म्हटलं, लोकांना सांग की नमुने आदल्या दिवशी आणून ठेवा, नव्या दातांना विसावा लागतो. मी आत बसून तोलीन. तू बाहेर नेहमीसारखा दाणा चाव. मी आतून तांब्यावर चमचा मारीन. एक घंटी म्हणजे ओलं, थांब. दोन घंट्या म्हणजे सुकं, जाऊ दे. एस.टी.चा नियम आहे, एकतीस वर्षांत एकदाही चुकला नाही. मला वाटलं होतं भांडेल, रडेल, 'माझ्या दातांवर भरवसा नाही का' म्हणेल. पण ती नुसतं "बरं" म्हणाली. बायकोला पटवून द्यायची हातोटी माझ्याकडे आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

पहिल्याच दिवशी सात घरांचे नमुने आले. आता वाट्या घरात चारच, म्हणून मी अंगणातल्या पळसाची मोठी हिरवीगार पानं तोडून सात सुबक द्रोण लावले. प्रत्येक द्रोणात भात घातलं, द्रोणासकट बरोब्बर दहा ग्रॅम तोललं आणि ताटीवर चढवलं. द्रोणासकट का? कारण उतारू मोजताना आपण त्याचं गाठोडं वेगळं मोजत नाही. दुसऱ्या दिवशी परत तोललं. सातही घरांचं पाणी एकतीसच्या वर! भागोजीचं तर पस्तीस. (तो भांडून गेला होता तरी त्याची बायको नमुना ठेवून गेली होती. पिढ्यान् पिढ्यांची सवय.) मला वाटलं, अरे देवा, या वर्षी अख्खी वाडी बुडाली.

बाहेर दरबार भरला. पहिली चंद्राबाई. मी आतून एक घंटी दिली, टण्ण. आणि बाहेर काय ऐकतो? "भरा कणगीत." मी परत दिली, जरा जोरात. तर ही म्हणते, "तांब्या पडला वाटतं, मांजर असंल." पुढचं घर, माझी एक घंटी, हिचं "भरा कणगीत." असं सहा वेळा. सातव्याला, म्हणजे भागोजीच्या बायकोला मात्र म्हणाली, "दोन उन्हं दे, सांग त्याला." मी आत घामाघूम. लोक गेल्यावर मी कडाडलो. म्हटलं, अगं, एक म्हणजे थांब, दोन म्हणजे जा, यात न समजण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, मला वाटलं उलटं हाय. म्हटलं, उलटं असतं तर भागोजीला पण भरायला सांगायचं होतं ना! त्यावर ती म्हशीला पाणी दाखवायला गेली. शिवाय तिची आणखी एक खोड माझ्या लक्षात आली, ती निकाल कधी कधी माझ्या घंटीच्या जरा आधीच देते. घाईचा स्वभाव, दुसरं काय.

तीन दिवस माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सहा घरांत ओलं भात भरलं गेलं, आता बुरशी धरेल आणि बयाबाईचं नाव जाईल, एवढंच डोक्यात. चौथ्या दिवशी सकाळी ताटीवरचा उरलेला एक रिकामा द्रोण सहज उचलला. हाताला काहीच लागेना, नुसता कुरकुरीत. आदल्या आठवड्यात असाच द्रोण हाताला थंड आणि जड लागला होता. पळसाकडे गेलो, एक ताजा लावला, रिकामाच तोलला, चार ग्रॅम. चुलीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी दीड. प्रवीण, मी आठवडाभर भाताचं नाही, पळसाचं पाणी मोजत होतो! गाठोड्यातून उतारू उतरून जात होते आणि मी त्यांना भाताच्या खात्यावर धरत होतो.

मग नीट केलं. लोखंडी कढईत वाळू, खाली मंद निखारे, वाळूत स्टीलची वाटी. वाटी काट्यावर ठेवून शून्य करायचं बटण त्या काट्याला पहिल्यापासून होतं. त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिल्यामुळे मी ते बंद करायचं बटण समजत होतो. सातही घरांची पहिल्या दिवसाची मूठभर भातं मी झाकणाच्या बरण्यांत जपून ठेवली होती. (शास्त्रज्ञ माणूस.) परत परत तोललं, दोन वेळा तोच आकडा आला तेव्हाच उतरवलं. आणि बघतो तर सहा घरांचं तेरा, साडेतेरा, फार तर चौदा. आणि भागोजीचं एकोणीस! म्हणजे बयाबाईनं घंटी उलटी ऐकली, माझी घंटी मुळात चुकलेली होती, दोन चुका एकमेकींना छेदून गेल्या आणि निकाल सातही घरांचा बरोबर. आंधळ्याच्या गाई देव राखतो तसं झालं. नशीब म्हणतात ते हेच. मी देवाला नारळ ठेवला.

भागोजीनं अर्थातच दोन उन्हं दिली नाहीत. मी नारळ ठेवला त्याच दुपारी तो पिकअप भरून केंद्रावर गेला. तिथल्या यंत्रानं एकोणीस दाखवलं आणि त्याला भातासकट घाट परत चढायला लावला. संध्याकाळी सगळी वाडी टाकीपाशी असताना हा आला, तडक बयाबाईसमोर उभा राहिला आणि टोपी काढली. म्हणाला, "वयनी, चुकलो. तुजं प्लास्टिकचं दात सरकारच्या मशिनीच्या वरताण हायत." चंद्राबाई म्हणाली, मशिनीला लाईट लागते, हिला नाय. त्या दिवसापासून आमच्या अंगणात परत ओट्यांची रांग लागते. कुंभळच्या बाजूची दोन माणसंसुद्धा नमुना घेऊन आली. मी आत तांब्या आणि चमचा घेऊन बसलेला असतो. कोणाला कळत नाही की हा मान खरा कोणाचा. मला सांगायचंही नाही. फक्त एका माणसाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तुला लिहिलं.

तर असा सगळा प्रकार. थंडी पडू लागली आहे, घरातल्यांना जपा. तुझ्या आईच्या फोटोला माझ्या वतीनं एक फूल.

तुझा,
दाजी हैबती
(सध्या वाडीची दाढ)

ता. क. १ – मुख्य सांगायचं राहिलंच. कवळी वरून सैल आहे. ती बोलत नाही, पण भाकरी पेजेत बुडवून खाते आणि बोंबील मलाच वाढते. बोंबील ती मला वाढेल अशी बाई नाही, हे तू जाणतोस. तरी दातवाल्याला विचारून तिला परत मुंबईला बोलावून घे. तुलाच आठवण झाली असं दाखव, माझं नाव नको. भाताची कामं आटोपल्यावर बोलाव. तोवर ती इथे लागते.

ता. क. २ – पाकिटाला डिंक नाही. बयाबाई भाताची शितं लावून चिकटवून देईल आणि चंद्राबाईची माधुरी उद्या पोलादपूरला जाताना पेटीत टाकेल. काळजी करू नको, ती वाचणार नाही. घरात चष्मा एकच आहे आणि तो माझ्या डोक्यावर आहे.

ता. क. ३ (हे अक्षर माझं, बयाबाईचं) –

प्रवीण, चष्मा ह्यांच्या डोक्यावर हाय, पन हे दुपारचं झोपलंत. म्हनून काढला न् समदं वाचलं. चौथीपर्यंत शिकले त्याचा आज उपेग झाला.

दाना मी दातानं कवाच बघितला नाय. भात सुपात पडतं त्याचा आवाज ऐकते. वल्लं भात गप पडतं, सुकं भात वाजतं. आपली आई असंच बघायची, तू ल्हान होतास, तुला आठवायचं नाय. चावायचं ते लोकांना दाखवायला. लोकांना कायतरी दिसल्याबिगर पटत नाय. त्या दिशी मी आत जाऊन बसले ती रडत नव्हते, कवळीखाली कोंडा गेला व्हता, तो काढत व्हते.

ह्यांना यातलं कळवू नको. रिटायर झाल्यापास्नं चार वर्सं हे उंबऱ्यावर बसून खालच्या रस्त्याला कंची गाडी किती लेट ते मोजायचं. जेवन समोर ठेवलं तरी ध्यान नसायचं. आता पहाटं उठतात, वाट्या मांडतात, वहीत लिवतात, न् जेवायला दोनदा हाक मारावी लागते. तांब्या वाजला का मला बरं वाटतं.

दातवाल्याची घाई नाय, जमंल तवा. पन काट्याचा सेल संपत आलाय, आकडं पुसट दिसतात. येताना चार सेल घेऊन ये. न् तुला आपसूकच सुचलं असं सांग.